आठ अक्षरांचं गाव

मंदाताई, तुम्ही गेलात त्याला महिनाही झाला नाही, आणि माधव नगरातल्या आपल्या दोन खोल्यांमध्ये मी अजून तुमच्याशी भांडतोच आहे. सकाळी कुलूप काढलं की तोंडात पहिलं वाक्य येतं ते तुम्हाला टोमणा मारायचं. परवा तर मी मोठ्याने म्हणालोसुद्धा, "ताई, हा पंखा तुमच्या वयाचा झाला, आता बदलू या." मग त्या पंख्याकडे बघत उभा राहिलो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "चल रहा है ना? मग कशाला त्याच्या मागे लागून राहिलास?"

खरं तर चालू असलेल्या वस्तूला हात लावण्यात तुमचं आयुष्य गेलं. आपला धंदाच तो. लेबलं छापणारे वजनकाटे, बसमधली तिकिटाची यंत्रं, टोकन देणारी खोकी, सगळी वरून धडधाकट. आणि आत कुठेतरी एखादं अक्षर आपलं घर सोडून शेजाऱ्याच्या घरात शिरलेलं. त्याला शोधायचं आणि कान धरून परत आणायचं. लोक विचारायचे, तुम्ही नेमकं करता काय? तुम्ही सांगायचात, "अक्षरं मोजतो." मला त्या उत्तराची लाज वाटायची. बायकोच्या माहेरी मी "सॉफ्टवेअर" असं भारदस्त काहीतरी सांगत असे.

आपली ओळख झाली तीच एका हसण्यावर. मी तेव्हा उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये काटे विकायचो आणि बिघडले की दुरुस्त करायचो. एका मिठाईवाल्याने काटा माझ्या अंगावर आणून टाकला. लेबलवर त्याला इंग्रजी अक्षरांत 'शंभर टक्के देसी घी' हवं होतं. शंभरचा आकडा, टक्क्याचं चिन्ह, मग मोकळी जागा, मग देसी. छापून येत होतं शंभर, पुढे चार-पाच आकड्यांची भलतीच संख्या, आणि मग 'एसी घी'. देसीचा डी गायब. गिऱ्हाईक विचारत होतं, ये एसी वाला घी कौन सा है? मी दोन दिवस डोकं आपटलं, छापायचा भागही बदलला. शेवटी कुणीतरी म्हणालं, माधव नगरात पॉलिटेक्निकातल्या निवृत्त मॅडम आहेत, त्यांना दाखव.

तुम्ही लेबल हातात घेतलंत आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. मला राग आला होता, आता सांगतो. मग तुम्ही मला बसवलंत, पोह्यांची बशी पुढे केलीत आणि समजावलंत. छापायच्या मजकुरात टक्क्याचं चिन्ह आणि पुढे डी दिसला की यंत्राला वाटतं, ही आज्ञा आहे, इथे एक संख्या घाल. संख्या कुणी दिलेलीच नाही. मग ते बिचारं आतल्या आठवणीत हात घालतं आणि जे हाताला लागेल ते छापतं. "त्याची गलती नाही," तुम्ही म्हणालात. "दुकानदाराने मजकूर दिला. तो मजकूर म्हणूनच छापायचा, हुकूम समजून नाही. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याने दुकानदाराच्या तोंडी हुकूम दिले." एका ओळीची दुरुस्ती होती. त्या संध्याकाळी मी घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, मला त्या बाईंकडे काम करायचंय.

तुम्ही शिकवलंत कसं, ते आता आठवतं तेव्हा मजा वाटते. तुमचं सगळं शास्त्र स्वयंपाकघरातलं. यंत्राची आठवण म्हणजे घरांची रांग, एका घरात एक खूण. मजकूर कुठे संपला हे यंत्राला कळावं म्हणून शेवटी एक शून्य ठेवायचं, आणि त्या शून्यालाही स्वतःचं घर लागतं. दहा खुणा असतील तर अकरा घरं. "पंगतीत वाढणारा स्वतःचं पान धरतो की नाही मोजताना?" असं तुम्ही विचारायचात. वापरून झालेली जागा परत केली की तिला पुन्हा हात लावायचा नाही, शेजारणीचं भांडं परत केल्यावर त्यात चमचा घालतो का आपण? आणि परत करताना रिकामं द्यायचं नाही, चिमूटभर साखर घालायची. म्हणजे त्या जागेचा पत्ता जिथे लिहून ठेवला असेल तिथे शून्य भरायचं, म्हणजे चुकून कुणी जुन्या पत्त्यावर गेलाच तर लगेच कळेल. आजही मी ती ओळ लिहितो तेव्हा मनात 'साखर' म्हणतो. माझ्या हाताखाली शिकलेली दोन मुलंही म्हणतात, त्यांना का म्हणायचं ते ठाऊक नाही.

आणि वही. पहिलीतल्या पोरांची गणिताची चौकोनांची वही, तीच तुम्हाला लागायची. त्यात पाच रकाने आखलेले: तारीख, काय झालं, काय केलं, कुणाला सापडली, शेरा. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "ताई, चूक कुणी केली त्याचा रकाना नाही?" तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "त्याचा काय उपयोग? लोणचं घालायचंय का?" म्हणालात. "चूक सापडली, ही खबर आहे. ज्याला सापडली त्याचं नाव राहिलं पाहिजे. करणाऱ्याला माहीत असतंच." म्हणून आपल्या त्या वह्यांमध्ये माझ्या नावापुढे नुसतं कौतुक दिसतं. निम्म्या चुका माझ्याच होत्या.

आपलं मोठं भांडण मात्र एकच होतं आणि ते तुम्ही अर्धवट टाकून गेलात. मजकूर जागेत मावत नसेल तर काय करायचं? मी म्हणायचो, कापायचा. जेवढा मावतो तेवढा छापायचा, बाकी सोडून द्यायचा. चिठ्ठी तर निघते, रांग तर हलते. तुम्ही म्हणायचात, यंत्राने नकार द्यायचा. आवाज करायचा, थांबायचं, सांगायचं की मावत नाही. मग माणूस हाताने लिहील. "मशीनने माणसाचं नाव कापायचं नाही, सुधीर."

मी याला तुमचा हट्ट समजत होतो. मग एका दुपारी तुम्ही वडिलांची गोष्ट सांगितलीत. तुमचे वडील मध्यभारताच्या कचेरीत नोंदी ठेवायचे. स्वराज्य येऊन थोडी वर्षं झाली होती, संस्थानं जाऊन मध्यभारत झाला होता, लोकांना जेमतेम त्या नावाची सवय झाली आणि तोही मोडून मध्यप्रदेश झाला. राजधानी भोपाळ. जुनी दप्तरं नव्या छापील तक्त्यांवर उतरवायची होती, एका चौकोनात एक अक्षर, आणि चौकोन मोजके. काम इतकं की वडील कागदांचे बस्ते घरी आणायचे. तुम्ही आठ वर्षांच्या. तुम्ही जुन्या नोंदीतून नाव वाचायचं, त्यांनी नव्या तक्त्यात भरायचं. चौकोन संपले की वडील थांबायचे, आणि तुम्ही पुढची अक्षरं गिळून पुढच्या नावाकडे जायचं. तुम्हाला तो खेळ वाटायचा.

पुढे एक मास्तर तुमच्या दारात येऊन बसायला लागले. त्यांचं अर्धं नाव तक्त्यात उतरलं होतं आणि भोपाळ म्हणत होतं, हा माणूस तुम्ही नव्हेच. जुनी नोंद सापडत नव्हती, कारण जुनं राज्यच उरलं नव्हतं. वडील त्यांच्यासाठी दोनदा भोपाळला गेले. मास्तर एक शब्द वाकडा बोलले नाहीत, तुमच्या आईने दिलेला चहा घेऊन निघून जायचे. तुम्ही म्हणालात, "ते नाव मी वाचलं होतं. अर्धं वाचून सोडलं होतं." तेवढं बोलून तुम्ही उठलात आणि कामाला लागलात. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भांडलो, कारण रांगेचं माझं म्हणणंही खोटं नव्हतं.

आता बारा वर्षांनी भरणाऱ्या आपल्या मेळ्याचं. इतकी वर्षं मी या विषयापाशी आलो की विषय बदलत आलो. आज बदलणार नाही.

त्या मेळ्यात एका सेवाभावी मंडळाने चुकलेल्या-हरवलेल्यांसाठी केंद्र उघडलं होतं. डेऱ्यात उतरणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या हातात एक चिठ्ठी द्यायची होती: नाव, गाव, डेऱ्याचा क्रमांक. हरवलं तर चिठ्ठी दाखवायची, स्वयंसेवक पोहोचवून देतील. यंत्रं आपली होती, जुनी, इंग्रजी अक्षरांसाठी बनलेली, आणि त्यांना घाईघाईने देवनागरी शिकवण्याचं काम माझ्याकडे होतं. गावाच्या नावाला चोवीस घरं होती. इंग्रजीला ती खूप झाली. पण आपल्या लिपीतली प्रत्येक खूण, काना वेगळा, वेलांटी वेगळी, तीन-तीन घरं खाते. म्हणजे आठ खुणा झाल्या की घरं संपली. लांब नावं मी सातावर कापली. तुम्ही रागावलात, मी वेळ नाही म्हणालो, आणि खरंच वेळ नव्हता, म्हणून तुम्ही गप्प बसलात.

घरं मोजायची ओळ मी लिहिली होती. लिहायला हवं होतं 'चोवीसपेक्षा कमी'. मी लिहिलं 'चोवीस किंवा कमी'. शून्याचं पान धरायला विसरलो. तुम्ही मला शिकवलेली पहिली गोष्ट.

म्हणजे गावाचं नाव काना-मात्रा धरून बरोबर आठ खुणांचं असलं तरच घोटाळा व्हायचा. सात असतील तर ठीक, नऊ असतील तर कापलं जाऊन ठीक. आठ असतील तर शेवटचं शून्य शेजारच्या घरात पडायचं, आणि शेजारच्या घरात डेऱ्याचा क्रमांक राहत होता. नागपिपली. मोजून बघा, मी हजारदा मोजलंय.

सकाळी तुमचा केंद्रावरून फोन आला. "सुधीर, एका माताजींच्या चिठ्ठीवर डेरा शून्य आलाय. जरा देख तो." मी फोन कानाला लावून उभा होतो आणि मला त्याच क्षणी कळलं. गाव कोणतं हेसुद्धा विचारावं लागलं नाही. शून्य म्हटल्याबरोबर ती ओळ डोळ्यांपुढे आली. आणि मी म्हणालो, "बॅटरी कमजोर असेल, ताई."

का म्हणालो? तेव्हा स्वतःला सांगितलं की मंडळाची माणसं बाजूला असतील, उगाच शोभा नको. ते खोटं होतं. मला तुमच्यासमोर शून्य विसरलेला माणूस व्हायचं नव्हतं. दोन वर्षांत तुम्ही मला अख्खं काम सोपवायला लागला होतात आणि मी फुगलो होतो. मी ती ओळ दुरुस्त केली, एका चिन्हाचं काम, आणि दुपारी चारला नवा प्रोग्रॅम घेऊन केंद्रावर आलो.

त्या आजी सकाळपासून तिथे बसलेल्या होत्या. जांभळ्या काठाचं लुगडं, पायात चपला नाहीत, मुठीत ती चिठ्ठी. तुम्ही त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसलेल्या. त्यांना वाचता येत नव्हतं पण आकडे कळत होते. "म्हारा नाम पे जीरो लिखी दियो," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "छोरो छोड़ी गयो म्हने." मुलाने मुद्दाम असं लिहवून घेतलंय, आपला डेराच नाही, आपल्याला इथे सोडून तो गेला, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. तुम्ही त्यांचा हात धरून म्हणत होतात, "माताजी, मशीन की गलती है. बेटे की नहीं है."

मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "ये देखो, मशीनवाला आ गया. सुधीर, तू सांग माताजींना. मशीनची चूक होती ना?"

सोपं होतं हो. 'हां माताजी, मेरी गलती थी', पाच शब्द. मी म्हणालो, "हां माताजी, बैटरी कमजोर थी."

तुम्ही मान खाली घातलीत. मी सोयीने समजलो की तुम्ही त्यांचा पदर सारखा करताय. मी एकेका यंत्रात नवा प्रोग्रॅम भरला, कुणी विचारलं तर बॅटरीचं सेटिंग आहे म्हणून सांगितलं. दिवस मावळताना त्यांचा मुलगा सापडला, बिचारा पाच केंद्रं पालथी घालून आला होता, रडवेला. आजींनी त्याला आधी एक थोबाडीत दिली आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तुम्ही मला कचोरी आणून दिलीत. "सब ठीक?" विचारलंत. "हो ताई," मी म्हणालो. ती कचोरी मी तशीच कागदात गुंडाळून ठेवली.

तो मुलगा सापडला नसता तर? हा प्रश्न मला पुढे नानाखेड्याच्या बसस्टँडवर तिकिटाची यंत्रं तपासताना, पोरीच्या लग्नात, कुठेही गाठायचा. त्या आजींनी एक अख्खा दिवस असा काढला, की आपल्याला पोटच्या पोराने टाकलं. तो दिवस माझ्या एका चिन्हाचा होता. दुरुस्ती दहा मिनिटांत झाली, पण आजींना कुणी खरं सांगितलंच नाही. घरी जाताना त्यांच्या मनात कितपत पटलं असेल, बॅटरी?

तुम्हाला सांगायचं मी ठरवलं होतं. खरंच. मेळ्याची वही तुम्ही पर्समध्ये नेली होती, ती खोलीवर परत आलीच नाही. भिजली-बिजली असेल असं मी समजलो आणि मला बरं वाटलं, हेही कबूल करतो. म्हटलं, पुढचा मेळा बारा वर्षांनी. त्याच्या आत एक दिवस पोहे खाताना सांगून टाकू. तुम्ही हसाल, एखादी शिवी हासडाल, मामला खतम. बारा वर्षं म्हणजे काय कमी? आपल्या उज्जैनच्या माणसांना ही एक वाईट खोड आहे. बारा वर्षांनी येणाऱ्या गोष्टीच्या भरवशावर आपण सगळं ढकलतो.

गेल्या पावसाळ्यानंतर आपण प्रोग्रॅममधला तो जुना छपाईचा भाग पुन्हा उघडला. पुढच्या मेळ्यासाठी सगळा मुळापासून तपासायचा होता. तुम्हाला श्वास पुरत नव्हता, तरी तुम्ही पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ मोठ्याने वाचत होतात, आठ वर्षांची मुलगी नावं वाचायची तशीच वाचत असाल. न मोजता लिहिणारी जागा दिसली की बोट थांबायचं. "इथे किती घरं?" मी सांगायचो. "शून्य धरून?" मी म्हणायचो, शून्य धरून. आणि दर वेळी मला वाटायचं, आता. आता सांगावं. एकदा तर तोंड उघडलंही. तुम्ही थांबून माझ्याकडे बघत राहिलात, बराच वेळ, अगदी शांत. मी विचारलं, "चहा घेणार का?" तुम्ही म्हणालात, "घेऊ या."

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा नाकात नळी होती तरी विषय तोच. मी म्हणालो, "ताई, तीनशे माणसं रांगेत असतील आणि मशीन रुसून बसलं तर लोक मला मारतील." तुम्ही म्हणालात, "मारू दे. दोन मिनिटं उभं राहतील तेवढं." मी म्हणालो, मला नाही पटत. तुम्ही हात हलवलात. "उद्या बोलू. आता दमली मी."

तुमचं दिवसकार्य झाल्यावर तुमच्या वहिनींनी मला घरी बोलावलं आणि एक कापडी पिशवी दिली. "ही त्यांनी तुझ्यासाठी बांधून ठेवली होती. बोलल्या होत्या, सुधीरला दे, बाकी कुणी उघडू नका." घरी नेववेना, म्हणून आपल्या खोलीवर आलो. पिशवीत तुमचा छोटा स्क्रूड्रायव्हर होता, जुना चष्मा होता, आणि मेळ्याची वही. भिजलेली वगैरे काही नव्हती.

मी पान शोधलं नाही. वही आपोआप तिथेच उघडली, इतक्या वेळा उघडलेली असावी. एका पानावर तुमच्या अक्षरात गावांची नावं, एकाखाली एक, चौकोनात एकेक खूण. सात चौकोनांची नावं, पुढे बरोबरची खूण. नऊ चौकोनांची, बरोबरची खूण. मग आठ चौकोनांची पाच-सहा गावं, आणि प्रत्येकापुढे फुली. म्हणजे त्या आजींच्या शेजारी बसून, एका हाताने त्यांचा हात धरून, तुम्ही दुसऱ्या हाताने यंत्रावर हे सगळं करून बघितलं होतंत. मी चारला पोहोचण्याआधीच.

आणि समोरच्या पानावर रीतसर नोंद. काय झालं: 'गावाचं नाव आठ खुणांचं असेल तर शेवटचं शून्य शेजारी जातं, डेरा पुसला जातो.' काय केलं: 'किंवा हा शब्द काढला.' कुणाला सापडली या रकान्यात माझं नाव.

पहिल्यांदा वाटलं, तुम्ही माझ्यासाठी खोटं लिहिलंत. मग कळलं की त्यात खोटं काहीच नाही. सापडली मलाच होती, तुमच्या फोनवर, एका क्षणात. तुमच्या वहीत तेवढंच लिहायचा रिवाज होता आणि तुम्ही तो पाळलात. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात एक ओळ आहे. 'विचारू नये. सांगेल.'

मंदाताई, मी ढसाढसा रडलो. बाहेर भाजीवाला ओरडत होता, त्याच्या आवाजात माझा आवाज लपला म्हणून बरं. इतकी वर्षं तुम्ही माझ्यासमोर बसून चहा प्यायलात, माझी चेष्टा केलीत, माझ्या पोरीला गणित शिकवलंत, आणि रोज थोडी वाट बघितलीत. एकदासुद्धा टोचलं नाहीत. मला तुमचा थोडा रागही येतो. विचारायचं ना हो! एक हाक मारायची, कान पिळायचा. मी लगेच सांगितलं असतं. की नसतं सांगितलं? पुन्हा बॅटरीच म्हणालो असतो? तुम्हाला ते ठाऊक असेल, म्हणूनच विचारलं नाहीत.

काल मी ती वही घेऊन तुमच्या खुर्चीसमोर बसलो. खुर्चीवर नाही, समोर. तुमच्या नोंदीखाली एक ओळ रिकामी होती. पेन घेतलं आणि तुमच्यासारखंच एका चौकोनात एक खूण असं लिहिलं. काय झालं: 'बॅटरी कमजोर नव्हती. तरी तसं सांगितलं. माताजींना आणि ताईंना.' काय केलं: 'आज सांगितलं. फार उशीर केला.'

मग 'कुणाला सापडली' या रकान्याशी आलो. तिथे सगळीकडे तुम्ही स्वतःचं नाव नुसतं 'मं.' असं लिहिलेलं आहे. रकाना तेवढाच, दोन बोटांचा. मी 'मंदाकिनी' लिहिलं आणि चौकोन संपले. पेन थांबलं. ताई, अगदी खरं सांगतो, हाताला कापायचीच सवय होती.

कापलं नाही, थांबून बसलोही नाही. खालच्या ओळीवर उतरलो आणि तिथे 'यशवंत' लिहिलं, त्याच्याखाली 'पोतनीस'. मग तुम्ही शिकवल्याप्रमाणे शेवटी एक चौकोन मोकळा ठेवला आणि वही मिटली.